मीठ न लावलेली कातडी

ईद होऊन तीन दिवस झाले होते. इद्देरनं बकऱ्यांची सात कातडी मीठ न लावताच गच्चीवर टाकली होती आणि आता तीच तो इज्जामावशीच्या अंगावर चढवत होता. हा भाचा न्हावी. मोबाइलवर बघून बघून फोटो काढायला शिकलेला. त्याला फोटोसाठी बुजलूद झालेली बाई हवी होती, शिंगांची, काजळ फासलेली राक्षसीण. गावात ईदनंतर बकऱ्याची कातडी पांघरून हे सोंग पुरुषच घेतात आणि बायकांना बकऱ्याच्या खुराचे फटके देत फिरतात.

"मीठ विसरलास, गाढवा. पाठीवर अळ्या वळवळतायत."

"हलू नकोस. चेहऱ्यावर जरा किळस आण."

तिनं नुसतं कॅमेऱ्याकडं पाहिलं. इद्देर चपापला.

"मावशी, अशी किळस आणायला कुठं शिकलीस?"

"माझ्या नवऱ्याशेजारी झोपून. तीस वर्षं झाली, दर ईदला बुजलूद होतो आणि आंघोळ न करता तसाच अंथरुणात येतो. वर म्हणतो, बरकत असते."

फोटो झाला. नाकाला रुमाल लावून इद्देर कातडी उतरवायला पुढं आला.

"राहू दे," इज्जा म्हणाली. "आज मी अशीच झोपणार आहे."