कपाटात ठेवलेलं रबरी बाळ

मित्रांनो, माझ्या छातीत एक स्प्रिंग आहे आणि तिच्याखाली हवेची पिशवी. एवढ्या भांडवलावर मी वैद्यकीय महाविद्यालयात बाळ म्हणून नोकरीला लागलो.

साच्यातून निघालो तेव्हा माझे गाल गुलाबी होते. श्वास थांबलेल्या तान्ह्या बाळाला कसं वाचवायचं, हे होऊ घातलेले डॉक्टर माझ्यावर शिकतात. सुरुवातीला बिचारे घाबरायचे. कुणी अशी फुंकर मारायचं की पिशवी फाटते की काय वाटावं. कुणी इतकं हळू दाबायचं, जणू झोपमोड झाली म्हणून मी भोकाड पसरणार आहे. "अरे, बाळ आहे ते, उशी नाही," असं म्हणत शिकवणाऱ्या बाई पुन्हा करून घ्यायच्या. करता करता माझ्या गालांचा रंग उडाला, मानेला चीर गेली, तिच्यावर चिकटपट्टी आली. तरी 'आमचा ठोंब्या' म्हणत मुलं माझ्याकडेच यायची.

मग तपासणी ठरली. महाविद्यालयाला मान्यता टिकवायची तर ठरलेल्या निकषांना उतरावं लागतं. शिक्षक पुरेसे हवेत, खाटा पुरेशा हव्यात आणि श्वास देण्यासारखी कामं प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या हातांनी केलेली हवीत. मान्यता गेली, तर पुढच्या वर्षी एकही विद्यार्थी घेता येणार नव्हता. प्राचार्यांची झोपच उडाली. माणूस वाईट नव्हता, धास्तावला होता. माझ्याकडे बघून म्हणाले, "याला आत टाका. पाहुण्यांसमोर शोभा नको."

मी काचेच्या कपाटात गेलो. टेबलावर नवं कोरं बाळ आलं. खराब होऊ नये म्हणून तोवर त्याला कुणी हातही लावला नव्हता.

तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी एका मुलीला पुढे बोलावलं. "बाळ श्वास घेत नाहीये. कर सुरू."

तिने डोकं नीट धरलं, त्याचं तोंड-नाक आपल्या तोंडाने झाकून फुंकर मारली. छाती हललीच नाही. पुन्हा मारली. तिचे कान लाल झाले. मला काचेतून सगळं दिसत होतं आणि काही करता येत नव्हतं.

बाईंनी बाळाचा जबडा उघडला. घशात कारखान्यातलं बूच तसंच होतं.

"हे काढलं नाहीत?"

"नवीन आहे ना, जपून ठेवलंय," प्राचार्य पुटपुटले.

"कुणासाठी? माझ्यासाठी?"

तेवढ्यात ती मुलगीच म्हणाली, "मॅडम, आमचा ठोंब्या आत आहे. त्याच्यावर दाखवू?"

मला बाहेर काढलं. तिने फुंकर मारली आणि माझी छाती अलगद वर आली. मग बाईंनी एकेकाला बोलावलं. कुणाचाच हात अडखळला नाही.

"बाळाची पार रया गेलीये," माझ्या मानेवरून बोट फिरवत त्या म्हणाल्या, "पण मुलं तयार आहेत."

मान्यता टिकली. बूच तर तपासणीच्या दिवशीच निघालं. धाकटा आता रोज दाबून घेतो आणि मनातल्या मनात कुरकुरतो. माझी पिशवी मात्र थकत चालली आहे.

मित्रांनो, आम्हाला वापरून झालं की पुसा, चीर गेली तर पट्टी लावा, पण शोभेला ठेवू नका. कधी एखाद्या खऱ्या बाळाचा श्वास अडकेल, त्याची आई दाराशी उभी असेल. तेव्हा त्याच्याकडे धावणारे हात आधी आमच्यावर भरपूर चुकलेले असू देत.