घुमटाचं मागलं तोंड

समीक्षाची थाप बसत नव्हती. जुलैपासून ती माझ्याकडे घुमट शिकत होती, पण ऑगस्टचा तिसरा आठवडा लागला तरी तिच्या घुमटातून ‘धूं’ निघायचा नाही. ‘ठप्प’ निघायचा, ओलं कापड दगडावर आपटावं तसा.

ज्यांनी घुमट पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ते मातीचं भांडं असतं, दोन्ही बाजूंना तोंड असलेलं. मोठ्या तोंडाला कातडं ताणून बसवतात, लहान तोंड उघडं ठेवतात. वाजवणारा ते गळ्यात अडकवून पोटाशी आडवं धरतो. उजव्या हाताने कातड्यावर थाप मारायची आणि डाव्या तळव्याने मागचं लहान तोंड झाकायचं आणि सोडायचं. सगळा आवाज या दोन हातांच्या समजुतीवर चालतो.

चवथीआधी, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधी, गोव्यात डिचोलीला शाळकरी मुलांची घुमट आरतीची स्पर्धा होती. नियमाप्रमाणे चार किंवा पाच घुमटं हवीत. धारगळच्या आमच्या मुलांपैकी चौघांचे हात तयार होते. समीक्षाचा हात बसला तर पाचवं घुमट तिचं. नाही बसला तर ती पुन्हा कांसाळ्यांवर, म्हणजे झांजांवर. गेली दोन वर्षं ती कांसाळीच वाजवत होती. सोमवारी नावांचा कागद पाठवायचा होता, म्हणून रविवारी सकाळी मी पाचव्या घुमटाचं ठरवणार होतो. हे सगळ्या मुलांना ठाऊक होतं, समीक्षाला सर्वांत जास्त.

मी प्राथमिक शाळेत छत्तीस वर्षं शिकवलं. मुलाला एखादी गोष्ट येत नसेल तर आधी पाटी-पेन्सिल बघावी, मग शिकवणाऱ्याने स्वतःकडे बघावं आणि सगळ्यात शेवटी मुलाला बोल लावावा, असा माझा नेम. इथे मी पहिल्याच पायरीवर अडकलो. पावसाळी हवेत कातडं सैल पडतं, म्हणून तिचं घुमट शेगडीवर धरून शेकलं. फरक पडला नाही. मग तिला माझं घुमट दिलं. माझ्या घुमटातूनही तिने ‘ठप्प’च काढला. मग मी नेहमीचं सांगत राहिलो, “आदीं थाप, मागीर सोड.” म्हणजे आधी थाप मार आणि मग मागचं तोंड सोड. माझे गुरू गुरुदासमामा यांच्याकडून मी हे शिकलो आणि चाळीस वर्षं मुलांना तेच सांगत आलो.

“आजो, मी तसाच करतंय,” समीक्षा म्हणायची. तिची आई बांद्याची, हमरस्त्यावरच्या काजूच्या दुकानात कामाला. त्यामुळे मुलीची बोली मालवणी.

“तसां करतंस तर वाजणा कित्याक नाय?” प्रज्योत मागून म्हणाला. हा नववीतला, चौघांत सर्वांत तयार हाताचा आणि तितकाच वाह्यात. “तुझ्या घुमटात कोण तरी रवता गो. दार धाप म्हणून सांगता तो.”

घुमटात राहणारा कोणी दार लावून घ्यायला सांगतो म्हणे! मुलं हसली. समीक्षा हसली नाही.

गुरुवारी ती आईचा फोन घेऊन आली. “आजो, तुमचो डावो हात माका दिसणाच नाय. लय बेगीन जाता. ह्येच्यात स्लो मोशन आसा. काढू?”

“काढ की.”

देवळाच्या सभामंडपात मी उभा राहिलो, चार आवर्तनं वाजवली. तिने व्हिडिओ लावला तर मंडप उजळतोय, विझतोय, उजळतोय, विझतोय. माझा हात एकदा पांढरा, एकदा काळा.

“आजोंच्या अंगात इलां!” प्रज्योत ओरडला.

मी मुलांना जवळ बसवलं. शिकवायची संधी मला सोडवत नाही. म्हटलं, आपली ट्यूब सतत पेटलेली दिसते, पण ती सेकंदाला शंभर वेळा मंद होते आणि पुन्हा उजळते. आपल्या डोळ्याला ते कळत नाही. हा कॅमेरा सेकंदाला दोनशे चाळीस चित्रं घेतो आणि ती सावकाश एकामागून एक दाखवतो, म्हणून त्याला कळतं. सूर्य असा मिणमिणत नाही. तेव्हा उन्हात काढायला हवं.

“ऊन खंय आसा?” साईशने विचारलं. तो नुकताच येऊ लागला होता. बाहेर पाऊस चालू होता आणि शुक्रवारीही तो दिवसभर थांबला नाही.

शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला ढग फाटले. पाचएक मिनिटांत समीक्षा धावतच माझ्या अंगणात आली, हातात फोन, मागे प्रज्योत. त्याला मी बोलावलं नव्हतं. “मजा बघूक इलंय,” तो म्हणाला.

तिने बालदी पालथी घातली, तिच्यावर फोन उभा केला आणि पडू नये म्हणून मागे करवंटी लावली. मी समोर उभा राहून वाजवलं. व्हिडिओत उजवा हात स्वच्छ दिसला, पण डावा घुमटाच्या आड. मग तिने बालदी माझ्या डाव्या अंगाला नेली आणि थोडी पुढे सरकवली. आता कातडं आणि मागचं तोंड दोन्ही एका चौकटीत आली. तरी एक अडचण राहिली. त्या फोनवर स्लो मोशनला आवाज येत नाही. थाप नेमकी कधी पडली हे कळणार कसं?

“पीठ,” समीक्षा म्हणाली.

“कसलां पीठ?”

“तांदळाचा. कातड्यार चिमूटभर लावया. थाप पडली काय उडतला.”

मी तिच्याकडे बघत राहिलो. बारा वर्षांची मुलगी. मी स्वतः आत जाऊन पीठ आणलं. आडव्या धरलेल्या घुमटाचं कातडं उभंच असतं, पण ते थोडं दमट होतं. पीठ चिकटून राहिलं.

दर थापेला नव्याने पीठ लावत मी चार-चार थापा मारल्या. ऊन होतं तेवढ्यात तिने तीन वेळा काढून घेतलं. मग आम्ही तिघे पडवीत बसलो आणि बघू लागलो.

माझा उजवा हात सावकाश कातड्याकडे येत होता, पाण्यात बुडालेल्या माणसाचा यावा तसा. बोटं किंचित वाकलेली. कातड्याला अजून लागलेली नव्हती, पीठ जागच्या जागी. आणि मागे माझा डावा तळवा निघालेला. लहान तोंड पूर्ण उघडं. त्यानंतर बोटं कातड्यावर टेकली, कातडं आत दबलं आणि पीठ उडालं.

“आजो,” समीक्षा हळूच म्हणाली, “तुमी आदीं सोडतास.”

“परत लाव.”

तिने परत लावलं. दुसरा व्हिडिओ लावला, तिसरा लावला. बारा थापा. बाराही वेळा तळवा आधी निघाला होता, पीठ नंतर उडालं होतं.

“आता तुझं काढ,” मी म्हणालो.

ऊन उतरत होतं, पण होतं. प्रज्योतने फोन धरला. समीक्षाच्या व्हिडिओत डावा तळवा मागच्या तोंडावर घट्ट बसलेला. थाप पडली, पीठ उडालं, आणि मगच तळवा निघाला. माझ्या शब्दांत आणि तिच्या हातात केसाचाही फरक नव्हता. भांड्याचं तोंड बंद असताना थाप पडत होती, मग आवाज आतच गुदमरणार. आदीं थाप, मागीर सोड. माझ्या मुलांत मी सांगितलेलं तंतोतंत करणारी ती एकटीच निघाली.

मी प्रज्योतकडे वळलो. “तू कसा करतोस?”

तो ओशाळला. “आजो, खरां सांगू? तुमी सांगतास ता मी आयकूकच नाय. मी तुमच्या हाताक बघून वाजवलंय.”

“आणि बाकीचे तिघे?”

“ते माका बघून.”

इतक्यात माझी बायको शेवंती चहा घेऊन बाहेर आली. ती गुरुदासमामांची धाकटी मुलगी. तिच्या लहानपणी त्यांच्या घरी रोज संध्याकाळी घुमटाचा वर्ग भरायचा. मुलींनी त्यात बसायचं नाही, अशी तेव्हाची रीत. तिने आमची तोंडं बघितली. “काय झाला? फोन बिघडलो?”

मी तिला सांगितलं. ‘आदीं थाप, मागीर सोड’ हे शब्द मी उच्चारले तशी तिने कपबशी खाली ठेवली.

“मागीर?” ती म्हणाली. “बाबा मागीर खंय म्हणत? ते म्हणत, ‘थाप मार, मागलां सोड.’ मागलां म्हणजे मागलां तोंड! बाबा सावंतवाडीकडचे, त्यांच्या तोंडात ‘मागीर’ कधी इला? ते ‘मगे’ म्हणत.”

मामांच्या तोंडात कायम पानाचा तोबरा असायचा. तोबऱ्यातून आलेलं त्यांचं ‘मागलां’ कोंकणी ‘मागीर’ ऐकत पेडण्यात वाढलेल्या माझ्या कानाने ‘मागीर’ म्हणून घेतलं. मागचं तोंड म्हणत होते ते, मी ‘नंतर’ ऐकलं. आणि एकदा ‘नंतर’ आल्यावर त्याच्या आधी ‘आदीं’ कोणी जोडलं? मीच जोडलं असणार. हाताने मात्र मामांचा हात पाहून घेतला होता, म्हणून तो बरोबर राहिला.

“चाळीस वर्षां तुमी ह्या सांगतास?” शेवंती म्हणाली.

“तू कधी बोलली नाहीस!”

“मी तुमच्या वर्गात कधी बसलंय? माका कोणी बसवल्यानी?”

चहा गार होत होता. समीक्षा फोन हातात धरून विचार करत होती. “आजो, म्हणजे माझा चुकूक नाय?”

“नाही. माझं चुकलं. तू मी सांगितलं ते केलंस.”

“पण हाताक आता तीच सवय झाली,” ती म्हणाली. “आणि ऐतवार उद्या.”

हे खरं होतं. दीड महिना पक्की केलेली सवय एका संध्याकाळात निघत नाही, हे मी शाळेत पुष्कळदा पाहिलं आहे. चुकीचं वळण लागलेलं अक्षर सुधारायला कोऱ्या पाटीवर शिकवण्यापेक्षा जास्त दिवस लागतात. तारीख पुढे ढकलणं माझ्या हातात नव्हतं, आणि चूक माझी होती म्हणून न वाजणारं घुमट स्पर्धेत नेणं हा बाकीच्या मुलांवर अन्याय झाला असता. मी तिला तसं सरळ सांगितलं. तिने मान हलवली.

“बाये, माझ्याकडे ये,” शेवंती तिला म्हणाली. “घुमट थंय ठेव. नुसत्या तोंडान म्हण. ‘मागलां सोड, थाप मार.’ बाबांनी उलट्या बाजून सांगलानी, आपण सरळ बाजून म्हणूया.”

दोघी पायरीवर बसल्या. समीक्षा रिकाम्या हातांनी हवेत डावा सोडत होती, उजवा मारत होती आणि म्हणत होती. प्रज्योतही कधी तरी त्यांच्याबरोबर म्हणू लागला. आईला फोन द्यायची वेळ झाली तेव्हा कुठे ती उठली.

रविवारी सकाळी मी मुलांना सभामंडपात बसवलं आणि सर्वांत आधी माझी चूक सांगितली. ‘मागलां’ आणि ‘मागीर’ समजावून दिलं.

“आजो, आणखी काय काय चुकीचां सांगलास?” प्रज्योतने विचारलं.

“ते समीक्षा शोधून काढील. आता गप्प बस.”

मग समीक्षाला वाजवायला सांगितलं. चौघे तिच्याबरोबर उभे राहिले. साईश कांसाळ्यांवर. पहिली थाप ‘ठप्प’ आली. दुसरीही. चौघांच्या ‘धूं’मध्ये तिचा ‘ठप्प’ गाडीच्या चाकाखाली खडा यावा तसा लागत होता. तिने हात थांबवले. ओठ हलताना मला दिसले. पुढच्या आवर्तनात ती शिरली ती मोठ्याने म्हणतच. “मागलां सोड, थाप मार.” धूं. “मागलां सोड, थाप मार.” धूं. मंडपाच्या खांबापाशी शेवंती उभी होती. ती वर्गाला आज पहिल्यांदाच आली होती. सहा आवर्तनं झाली. सातव्यात एकदा पुन्हा ‘ठप्प’ आला, आठव्यात सावरला. दहाव्या आवर्तनाला समीक्षाचं म्हणणं बंद झालं होतं आणि आवाज चालूच होता.

मी हात वर करून थांबवलं. “स्पर्धेत मोठ्याने म्हणायचं नाही हं. मनात म्हणायचं.”

“म्हणजे?” तिने विचारलं.

मी कागद काढला आणि घुमटांच्या रकान्यात चार नावांखाली पाचवं लिहिलं. तिने ते वाचलं. मग साईशच्या हातातली कांसाळी घेऊन ती खाली बसली. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दोऱ्या तिने आपल्या बोटांच्या मापाने आवळून बांधल्या होत्या. गाठी घट्ट बसल्या होत्या. दातांनी त्या सोडवून तिने साईशची बोटं पुढे ओढली आणि दोऱ्या त्याच्या मापाने बांधायला घेतल्या.