पळून गेलेली आई

"आई, ह्याला दार नाहीये."

केरिनच्या बॅगेची चाकं वाळूत रुतून बसली होती. घामाने निथळत ती त्या खांबांवर उभ्या झोपडीकडे बघत होती. आत जमिनीवर एक गादी, वर गोळा करून बांधलेली मच्छरदाणी, दोरीवर वाळत घातलेले दोन झगे. पलीकडे सगळा समुद्र.

"भिंतीही नाहीत," नोलीन म्हणाली. "पण चपला बाहेर काढ. तेवढी शिस्त आहे इथे."

अडुसष्टाव्या वर्षी नोलीन ऑस्ट्रेलियातल्या डबोहून निघाली होती. पाठीवर एक पिशवी, परतीचं तिकीट नाही. आधी फिजी, मग टोंगा, आणि आता सामोआतलं हे सवाई बेट. कुठलीही जागा आधी ठरवायची नाही. जिथे स्वस्तात गादी मिळेल तिथे पडायचं, घरधनीण शिजवेल ते खायचं, कंटाळा आला की समोर येईल त्या बसमध्ये चढायचं. नकाशा तिने घेतलाच नव्हता. वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्यात तीस वर्षं आणि त्यानंतर अर्धांगवायू झालेल्या नवऱ्याच्या, रॉसच्या उशाशी नऊ वर्षं तिने घड्याळाकडे बघत काढली होती. औषध, आंघोळ, कूस बदलणं, पुन्हा औषध. रॉसला पोचवून आल्यावर केरिनने आपल्या घरामागे आईसाठी खोली बांधायला काढली. खोलीला रंग लागला त्याच आठवड्यात आई विमानात बसली.

"तू तिकडे राजधानीत, आपियाच्या बाजारात चक्कर येऊन पडलीस," केरिन म्हणाली. "दवाखान्यातल्या बाईंनी मला फोन केला. मी मिळेल त्या विमानाने निघाले."

"डबोतही यायची चक्कर. तिथे उचलायला कुणी नव्हतं, एवढंच."

"क्लबातल्या बायका विचारतात, तुझी आई पळून गेली म्हणे."

"हो म्हणावं. आणि एकटीच पळाली, बरोबर कुणी मिळालं नाही, ह्याचं तिला फार वाईट वाटतं."

केरिन हसली नाही. "उद्याच्या बोटीची दोन तिकिटं काढलीत मी."

जेवायला सिनापातीने नारळाच्या दुधातली अळूची पानं आणि भाजलेला मासा वाढला. ह्या झोपड्या तिच्याच. केरिनला बघून तिला कोण आनंद झाला होता! नोलीन आली तेव्हा, म्हातारी एकटी कशी झोपेल, म्हणून पहिल्या दोन रात्री तिने आपल्या पुतणीला मच्छरदाणीत तिच्याशेजारी झोपवलं होतं. तिसऱ्या रात्री नोलीनने हात जोडून तिला परत पाठवलं.

"जा गं मुलीबरोबर," सिनापाती म्हणाली. "माझी आई अशी वणवण फिरली असती, तर गावाने माझ्या तोंडात शेण घातलं असतं. लेक न्यायला आली. आणखी काय पाहिजे बाईमाणसाला?"

"बघ!" केरिन म्हणाली. "ह्यांनाही कळतं."

नोलीनने मासा खाली ठेवला. डबोत कायम कुणाचं तरी करण्यात तिला एकटं असं राहताच आलं नाही म्हणून ती इथे आली, आणि इथे तर एकटेपण म्हणजे शापच.

"सिनापाती, तू कधी एकटी झोपलीस?"

"मी? देवा! आधी बहिणी, मग नवरा, मग पोरं."

"मग तुला कसं सांगू? सकाळी डोळे उघडतात, आणि कुणालाच माझ्याकडून काही नको असतं."

सिनापाती हातातला पंखा हलवायची थांबली. "भीती नाही वाटत?"

"वाटते ना. पण ती माझी भीती असते."

सिनापातीने तिच्या ताटात माशाचा मोठा तुकडा वाढला. पण केरिन उठून समुद्राकडे निघून गेली.

सकाळी दोघी धक्क्याकडे जाणाऱ्या बसमध्ये चढल्या. नोलीनची पिशवी पाठीवरच होती, त्यामुळे केरिनचा चेहरा जरा निवळला होता. लाकडी बाकं, कानठळ्या बसवणारी गाणी. प्रत्येक गावाला माणसं चढत गेली. काठी टेकत एक आजोबा आले तशी केरिन उठून उभी राहिली. मागची बाई तिला म्हणाली, "उभी काय राहतेस? बस ना मांडीवर."

"कुणाच्या?"

"आईच्या! परक्याच्या बसणार आहेस का?"

सगळी बस हसली. पुढच्या बाकावरचा पोलीस दुसऱ्या एका पोलिसाच्या मांडीवर निवांत बसला होता. चव्वेचाळीस वर्षांची, आडव्या अंगाची केरिन लाजत, अंग चोरत आईच्या मांडीवर टेकली. वळणावर नोलीनने सवयीने तिच्या कमरेला हात घातला.

बऱ्याच वेळाने केरिन पुढे बघतच म्हणाली, "बाबांच्या आजारपणात मी येत नव्हते. त्याची शिक्षा देतेयस ना मला?"

"नाही गं."

"खरं सांग."

"खरंच सांगते. ह्यात मी तुला धरलंच नाही. कुणालाच नाही. हे फक्त माझं आहे."

केरिनची पाठ ताठ झाली. शिक्षा असती तर ती भोगून फिटली असती. हे त्याहून कठीण होतं. मग हळूहळू तिचा सगळा भार मांडीवर आला. ती रडत होती. नोलीनने तिला घट्ट धरलं, पण शब्द मागे घेतला नाही.

धक्क्यावर बस रिकामी झाली. केरिन उतरली, खिडकीखाली आली.

"आई, उतर ना."

"तू जा. बोट चुकेल."

"खोलीचं काय करू मी?"

"तुझ्या पोरांना दे. धुडगूस घालू दे त्यांना."

"उद्या कुठे असशील?"

"माहीत नाही."

केरिनने हात वर करून खिडकीच्या फळीवरचा आईचा हात दाबला. मग बॅग ओढत ती बोटीच्या रांगेकडे निघाली.

ड्रायव्हर मागे वळला. "आजी, बोट इथूनच सुटते."

"ठाऊक आहे. ही बस पुढे कुठे जाते?"

"दक्षिणेला. माझ्या गावाला."

"काय आहे तुझ्या गावात?"

त्याने विचार केला. "काही नाही. बायको आहे. डुकरं आहेत."

"चालेल."

बस हलली. नोलीनचे पाय मांडीपासून बधिर झाले होते. तिच्या झग्यावर लेकीच्या वजनाच्या चुण्या पडल्या होत्या. त्या तिने हाताने सारख्या केल्या नाहीत.