कापूस इथलाच

सूतगिरणीत तिला सगळे पारखीबाई म्हणत. बावीस वर्षं तिचं काम एकच. आलेली कापसाची गाठ फोडायची, चिमूटभर कापूस दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढायचा आणि तंतू कसा तुटतो ते पाहून दर्जा सांगायचा. कापूस कुठल्या शिवारातला, हेही ती सांगायची आणि सहसा चुकायची नाही. खात्यातल्या बायका थट्टा करत, "बाई, जावई बघायलासुद्धा तुम्हालाच न्यायला हवं. एक चिमटा काढाल आणि सांगाल, टिकेल की नाही!"

त्या वर्षी हंगाम सुरू होऊन महिना झाला, तरी शिवारातली एकही गाडी गिरणीत आली नाही. आले ते कंटेनर. पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये आवळलेल्या गाठी, सगळ्या एका मापाच्या. पारखीबाईने पहिली फोडली. तंतू लांब, पाचोळ्याचा कण नाही, मातीचा वास नाही. चिमूट तशीच मुठीत धरून ती मालकांच्या खोलीत गेली.

"हा आपला नाही."

"नाहीच," मालक म्हणाले. "समुद्रापलीकडचा आहे. तिथलं सरकार शेतकऱ्याला पदरचं देतं. जहाजाचं भाडं धरूनही इथल्यापेक्षा स्वस्त पडतो. आपल्या देशाने त्यांच्याशी करार केलाय, त्यामुळे तो अडवताही येत नाही."

"मग मला पारखायला कशाला लावलंत?"

मालकांनी उठून दार लावलं. "आपलं कापड ज्या देशात जातं, तिथे कर माफ आहे. पण एका अटीवर. कापूस इथेच पिकलेला हवा. प्रत्येक गाठीच्या चिठ्ठीवर पारखणाऱ्याची सही लागते."

तिने मूठ उघडली. एका नियमाने परका कापूस घरात आणला होता आणि दुसरा नियम म्हणत होता, तो घरचाच आहे असं सांगा.

"चारशे माणसं आहेत बाई," मालक हळू आवाजात म्हणाले. "महाग कापूस घेतला तर गिरणी बंद. खरं सांगितलं तरी बंद."

"माझ्या दादाचा कापूस घ्याल?"

"पुढच्या आठवड्यात. शब्द देतो."

तिने सही केली. मग रोजच करत गेली. पुढचा आठवडा काही उजाडेना.

दादाच्या घरात पुढची खोली आढ्यापर्यंत कापसाने भरली होती. माणसं मागच्या खोलीत दाटीवाटीने झोपत. एका रविवारी पारखीबाईने ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि झटकन बाहेर काढला. आत ऊब होती. तापकरी माणसाच्या अंगाला असते तशी.

"दादा, हा आतून तापतोय. ओल राहिलीय. पेटेल."

"बाहेर कुठे टाकू? आज-उद्या गाडी येईल म्हणालीस ना तू?" दादा म्हणाला. वहिनीने चूल उचलून अंगणात मांडली.

मग तपासनीस आला. कर माफ करणाऱ्या देशाचा माणूस, मऊ बोलणारा, दुभाष्या सोबत. त्याने गाठीतला कापूस छोट्या पिशव्यांत भरला आणि विचारलं, "हा पिकतो कुठे, ते दाखवाल?" मालकांनी पारखीबाईकडे पाहिलं. नाही म्हणायची सोय नव्हती. तिने त्याला दादाकडे नेलं. दादाला वाटलं, गिऱ्हाईक आलं. त्याने ढिगाच्या वरचा, अगदी स्वच्छ कापूस काढून दिला. "हवा तेवढा न्या, साहेब." तपासनिसाने दुसरी पिशवी भरली आणि दोन्हींवर आकडे घातले. गाडीत बसताना तो एवढंच म्हणाला, "यंत्र बघेल."

तीन आठवड्यांनी पत्र आलं. दोन्ही पिशव्यांतला कापूस एका देशातला नव्हता. शिक्षा एकट्या गिरणीला नव्हती. साऱ्या भागातल्या कापडाची करमाफी दोन वर्षांसाठी रद्द झाली होती. पत्राची प्रत दुपारी गिरणीच्या भिंतीवर लागली, सोबत तिच्या सहीची एक चिठ्ठी. मालक गाडी घेऊन गेले होते, कुठे ते कोणालाच माहीत नव्हतं.

बातमी पोचायच्या आत आपणच सांगावं, म्हणून ती तडक दादाकडे गेली. दादाने सगळं ऐकून घेतलं.

"तुला कळलं नव्हतं?"

"पहिल्या चिमटीतच कळलं होतं."

दादाने तिच्याकडे पाहिलं नाही. कोपऱ्यातलं दाताळं उचलून तो कापूस बाहेर ओढू लागला. थोड्या वेळाने तीही ओढू लागली. ढिगाचा गाभा तपकिरी पडला होता. हवा लागताच त्यातून वाफ निघाली. वहिनीने मुलांना शेजारी नेऊन बसवलं आणि पाण्याच्या बादल्या भरून ठेवल्या. खोली रिकामी होईतो ऊन उतरलं. घर वाचलं. कापूस मात्र आता कोणाच्याच कामाचा नव्हता.

तेवढ्यात रस्त्यावर माणसं दिसली. आधी खात्यातल्या बायका, त्यांच्यामागे दुसऱ्या गिरण्यांचे कामगार. कोणी ओरडत नव्हतं. सगळे कुंपणापाशी येऊन थांबले.

"आत जा," दादा दबक्या आवाजात म्हणाला. "मी बोलतो."

पुढची बाई तिच्या ओळखीची नव्हती. "आमच्या गिरणीत इथलाच कापूस होता, बाई," ती म्हणाली. "आम्ही काय केलं होतं?"

मागची माणसं एक पाऊल पुढे सरकली. कपड्यांना चिकटलेला कापूस तसाच ठेवून पारखीबाई कुंपणाच्या फाटकापाशी गेली आणि तिने आतून कडी काढली.