चाखणं म्हणजे खाणं नव्हे

बुरुलकानच्या कुरुताला वस्तीत तोड नव्हती. चक्क्यात मीठ कालवायचं, बोटभर जिभेवर टेकवायचं, पुन्हा कालवायचं, मग गोळ्या वळून उन्हात वाळत घालायच्या. यात विशेष काही नाही, असं ती स्वतःच म्हणायची. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, तर त्याला तिने चहासुद्धा विचारला नसता.

वसंतात नर्स तिनाराने तिचं बीपी मोजलं आणि मुलाला, उलानला, सरळ सांगितलं, "हे उतरल्याशिवाय आईला उन्हाळ्यात वर कुरणावर नेऊ नकोस. तिथं काही झालं तर घाट उतरेपर्यंत काय करशील?" गोळी रोज, मीठ-चरबी कमी, चालणं भरपूर.

"नाही उतरलं तर तू खालीच राहा, आपा," उलान आईला म्हणाला. "टीव्ही आहे की."

"टीव्ही घोडीचं दूध काढतो का? उन्हाळ्यात खाली राहायचं ते बटाट्यांनी."

जन्मापासून एकही उन्हाळा तिने खाली काढला नव्हता. तिने चहातलं मीठ बंद केलं. पहिल्या घोटाला भांडी विसळल्याचं पाणी प्यायल्यासारखं वाटलं, तरी प्यायली. घोड्याच्या मांसाची चरबीदार सुरळी ताटाबाहेर सारली. संध्याकाळी नदीच्या पुलापर्यंत चालायला लागली. कामाशिवाय चालणारं माणूस गावाने पाहिलं नव्हतं. "काय गं, गाय हरवली का?" असं जो तो विचारू लागला, तेव्हा ती हातात दावं घेऊन निघू लागली. मग कुणी काही विचारीना.

बीपी मात्र होतं तिथंच.

"चोरून काही खाता का?" तिनाराने विचारलं. बुरुलकानने बाही खाली ओढली आणि ती तडक घरी आली.

चोरी सुनेने पकडली. चूल पेटवता पेटवता आयसाल्किन सासूकडे बघत होती. बोट चक्क्यात, बोट तोंडात, पुन्हा चक्क्यात.

"आपा, हे काय चाललंय?"

"काय म्हणजे? चाखतेय."

"सकाळपासून?"

"चाखणं म्हणजे खाणं नव्हे."

"जिभेला सांगा तसं. तिनाराताईंच्या यंत्राला कसं कळणार?"

बुरुलकानचं बोट पातेल्यावरच थांबलं. चहा, मांस, सगळं तिने धरलं होतं. हे तिच्या हिशेबातच नव्हतं.

"मी चाखते," सून म्हणाली.

"तू? तुझ्या माहेरी कुरुत बाजारातून आणतात."

त्यावर दोघींनीही पातेल्याला हात लावला नाही. चक्का तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी मात्र बुरुलकानने हात धुतले, पातेलं सुनेपुढे सरकवलं आणि आपण फक्त गोळ्या वळायला बसली. आयसाल्किन मीठ जपूनच घालत होती.

"पुरे झालं का, आपा?"

"मला काय विचारतेस? तुझी जीभ, तू बघ."

कुरणावर निघायच्या आठवड्यात तिनाराने दंडावरचा पट्टा सोडला आणि म्हणाली, "उतरलंय. जा. औषध विसरू नका." उलानने ट्रकमध्ये आईसाठी पुढची जागा ठेवली.

वर तंबू उभा राहतो न राहतो तोच शेजारचा म्हातारा कालिबेक रिवाजाप्रमाणे चहा-भाकरी घेऊन आला. बुरुलकानने कुरुत पुढे केलं. त्याने एक गोळी गालात धरली, थोडा वेळ घोळवली.

"यंदा मीठ कमी पडलंय गं. हात थकला का?"

आयसाल्किन खाली बघत राहिली.

"हात माझा नाही, सुनेचा आहे," बुरुलकान म्हणाली. "पुढच्या वर्षीही तिचाच असेल. सवय करून घे." आणि बादली उचलून ती घोड्यांकडे चढणीला लागली.