फोटोपुरता रॅम्प

वाचनालयाला रॅम्प झाला म्हणून प्रुफं तपासणाऱ्या ताईंना उद्घाटनाला खास बोलावलं होतं. सहा वर्षं त्या व्हीलचेअर पायऱ्यांपाशी थांबवून शिपायाकडून पुस्तकं मागवत आणि तो आणेल ते मुकाट्याने वाचत. आज स्वतः कपाटं धुंडाळायची म्हणून त्या सकाळपासून हरखल्या होत्या.

रॅम्प पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. घसरगुंडीच होती ती. त्यांनी दोनदा जोर लावला. दोन्ही वेळा चाकं मागे आली आणि दंड भरून आले.

"दोघं जण ढकलतील की," इंजिनिअर म्हणाले. "फोटोपुरतंच तर चढायचंय."

"आणि उद्या मी एकटी आले तर?"

"ताई, जागाच कमी होती. उतार लांबवला असता तर साहेबांची गाडी कुठे लावायची?"

तेवढ्यात कुणीतरी मागून खुर्चीला हात घातला.

"हात काढा," त्या म्हणाल्या, आणि ब्रेक लावून रॅम्पच्या तोंडाशीच बसून राहिल्या.

साहेबांनी घड्याळ पाहिलं, बाजूने वाकून फीत कापली, आणि सगळे पायऱ्यांनी वर गेले.