चोवीसातली बाविसावी

आमच्या नारिनच्या डोंगरातल्या शाळेत मी गणित शिकवते. बेगिमायच्या वर्गात अकरा मुलं होती आणि पहिलीपासून ती पहिली. दुसरी कान्यकेई. कान्यकेईचं काही चुकलं की मी म्हणायचे, "बेगिमायकडे बघ जरा!" नऊ वर्षं म्हणत होते.

दहावीला राजधानीतल्या निवडक मुलांच्या शाळेत बेगिमायची निवड झाली. तिच्या बापाने मेंढरू कापलं, गाव जेवलं. मीच तिला बिश्केकच्या गाडीत बसवलं.

महिन्याभराने तिचा फोन आला. आमच्याकडे बाईंना एजे, म्हणजे ताई, म्हणतात. "एजे, इथे दारावर यादी लावतात. मी चोवीसातली बाविसावी आहे."

"मग जोर लाव. पहिली येऊन दाखव."

 त्यानंतर तिचे फोन हळूहळू कमी झाले, मग बंदच पडले. अभ्यासात बुडाली असेल म्हणून मी खूश होते.

शाळेच्या शेवटच्या वर्षी, अकरावीच्या फेब्रुवारीत तिथल्या गणिताच्या सरांचा फोन आला. तिने लागोपाठ तीन कोरे पेपर दिले होते. तिचा बाप घोड्यावरून पडून अंथरुणाला खिळलेला होता, आईला त्याला सोडून हलता येईना. मग मीच गेले.

सरांनी तिचे आधीचे पेपर पुढे ठेवले. मी वाचत गेले आणि माझे कान तापले. त्यातली दोन गणितं मला स्वतःला सुटली नसती.

धावतच वसतिगृहात गेले. बेगिमाय खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. आईने प्रेमाने तळून पाठवलेले बोर्सोक, कणकेचे फुगीर तुकडे, पिशवीत तसेच वाळून गेले होते.

"अगं वेडे, तुझे पेपर बघून आले. मला नाही येत ते तुला येतंय!"

"वर्गात वीस जणांना येतं, एजे."

"वर्गाला घाल चुलीत! आपल्या अख्ख्या जिल्ह्यात कुणाला येतं?"

"मी जिल्ह्यात राहत नाही. मी इथे राहते." ती उठून बसली. "मी ढ आहे. गावात कुणाला कळलं नाही इतकंच."

"असं बोलू नकोस गं. तुला गणित आवडायचं ना?"

तिने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही कधी विचारलंत? तुम्ही विचारायचात, पहिली आलीस ना?"

 मी तिचे कपडे गोळा केले आणि तिला घरी घेऊन आले.

गावात ती शाळेत पाऊल टाकेना. इकडे कान्यकेई आता वर्गात पहिली होती, फळ्यापाशी जायला सगळ्यांआधी हात वर करायची. मला एक युक्ती सुचली. मार्चमध्ये दोघींना माझ्या घरी बसवून विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेचा सरावाचा एकच पेपर दिला. बेगिमायचं एक चुकलं, कान्यकेईची नऊ.

"बघितलंस?" मी कागद तिच्यापुढे नाचवला. तेव्हासुद्धा मी आकडेच दाखवत होते.

"सोपा होता," बेगिमाय म्हणाली.

कान्यकेईचं तोंड उतरलं. "सोपा? माझी नऊ चुकलीत गं!"

"तुझ्या चुका घाईच्या आहेत. तू हुशार आहेस, गणितालाच जा." हे ती मनापासून बोलत होती, म्हणूनच मला जास्त लागलं.

त्या परीक्षेच्या नोंदणीच्या शेवटच्या दिवशी मी अर्ज घेऊन तिच्या घरी गेले. ती अंगणात आईबरोबर लोकर झोडपत होती. माझी पोरीपुढे पदर पसरायची तयारी होती.

"फक्त सही कर, बाळा. बाकी सगळं मी भरलंय. नापास झालीस तरी चालेल."

"तुम्हाला चालेल, एजे."

"पहिलं येणं, यादी, सगळं मीच तुझ्या डोक्यात भरलं. माझं चुकलं. शिक्षा तू का भोगतेस?"

तिच्या आईने काठी खाली ठेवली. "कर गं सही. एजे किती वेळ उभ्या आहेत."

बेगिमायने पेन हातात घेतलं, क्षणभर कागदावर टेकवलंसुद्धा. मग ते माझ्या हातात परत दिलं आणि काठी उचलली. पाच वाजता नोंदणी बंद झाली.

कान्यकेई आता राजधानीत गणित शिकते. बेगिमाय घरी लोकरीचे जाड नमदे बनवते. रस्त्यात भेटली की ती अदबीने सलाम करते, बापाची तब्येत सांगते. गणिताचा विषय मी काढला की तिला लगेच काहीतरी काम आठवतं.